कुंकवाशिवाय बाई छापायची नाही

मॅट्रिक झाल्यावर मी गिरगावातल्या एका वाङ्मयीन मासिकात प्रुफं तपासायला लागले. घर परळला, गिरणीच्या चाळीत, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. ‘वाङ्मयीन’ हा शब्द चाळीत कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून आई शेजारणींना सांगायची, धाकटी छापखान्यात आहे. संपादकांच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. छापखाना खालच्या मजल्यावर होता. वरच्या मजल्यावर ते महाराष्ट्राची अभिरुची घडवत असत, आणि घडवता घडवता चहा मागवत.

त्या वर्षीचा दिवाळी अंक ‘चित्रकार-छायाचित्रकार विशेषांक’ म्हणून काढायचं ठरलं. मुंबईत तेव्हा दुसराच विषय होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून जानेवारीत लालबाग-परळ पेटलं होतं, गोळीबार झाले होते, कर्फ्यू लागला होता. आमच्या संपादकांनाही चळवळ मान्य होती, पण जरा लांबून. मोर्चा खालून जायला लागला की ते गॅलरीत येऊन उभे राहत आणि घोषणेतलं यमक कुठे चुकलं ते आम्हाला समजावून सांगत.

विशेषांकात पाच कलावंत घेतले होते. प्रत्येकाने आपला परिचय आपणच लिहून दिला होता, तोही ‘ते’ असं म्हणून. ‘ते अबोल आहेत’ हे सांगायला एकाने चार पानं घेतली. दुसरे एक चित्रकार फक्त बिनचेहऱ्याच्या बायका काढत. असं का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, चेहरा हा तपशील असतो. त्यांना चेहरा जमत नाही, असं त्या अबोल गृहस्थांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. अबोल गृहस्थांना काय काय जमत नाही ते बिनचेहऱ्यावाल्यांनी मला आदल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. परिचयाबरोबर प्रत्येकाचा फोटो होता: हनुवटीखाली हात, नजर खिडकीबाहेर. पाचांतल्या तिघांच्या तोंडात पाइप होता आणि तिन्ही फोटोंत तो एकच पाइप होता. तो आमच्या छायाचित्रकाराचा. तो स्वतः ओढत नसे. फोटोसाठी म्हणून बाळगायचा.

हा छायाचित्रकार शिवाजी पार्कचा. वडील डॉक्टर, कॅमेरा परदेशी, अंगात खादी. नावेचं वल्हं, वाळत घातलेलं जाळं, म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरा असे त्याचे फोटो असत. माणूस दिसलाच तर पाठमोरा किंवा दुःखी. विशेषांकासाठी त्याला ‘गिरणगावचा चेहरा’ हवा होता आणि त्यासाठी गिरणगावात जायची त्याची तयारी नव्हती, कारण तिकडे कॅमेऱ्याला धक्का लागतो. चेहरा त्याला आमच्या ऑफिसच्या दारातच सापडला. माझी ताई मला डबा द्यायला आली होती.

ताईचं सासर लालबागला. जानेवारीत भावोजींना विषमज्वर झाला. ताप डोक्यात गेला त्या दिवशी नेमका कर्फ्यू होता आणि पलीकडच्या गल्लीतला डॉक्टर रस्ता ओलांडून येऊ शकला नाही. भावोजी आयुष्यात एका मोर्च्याला गेले नव्हते. गर्दीत त्यांचा जीव घाबरा व्हायचा. भावोजींचे दिवस झाल्यावर ताईचे सासरे आपल्या पाच वर्षांच्या नातीला घेऊन बोटीने गावी गेले. पोर नेली की सून आपोआप मागून येईल, शेताला दोन हात मिळतील, असा त्यांचा अंदाज. ताई गेली नाही. ती आमच्याकडे आली, परळच्या एका इस्पितळात आया म्हणून लागली आणि पोरीसाठी निरोपावर निरोप धाडत राहिली. शेवटी म्हातारा नमला. दिवाळी झाली की नातीला पाठवतो, शाळेत घाला म्हणाला. मात्र सुनेने सरळ राहिलं पाहिजे. त्या दिवसापासून ताईचं सगळं बोलणं दिवाळीनंतरचं झालं. पोरीसाठी तिने दोन फ्रॉक शिवले. मग पोर वाढली असेल म्हणून ते उसवून मोठे केले.

तर ती डबा घेऊन दारात उभी होती आणि छायाचित्रकाराने तिला मागच्या जिन्यावर, खिडकीपाशी बसायला सांगितलं. ताई आधी नको नको म्हणाली, मग तिने पदर सारखा केला. तिचा तोवर एकही फोटो निघाला नव्हता. लग्नात काढायचा म्हणून ठरलं होतं, पण फोटोवाल्यापेक्षा बँडवाला महत्त्वाचा ठरला. त्यामुळे जिन्यावर बसल्यावर तिला हसूच आवरेना. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला, थोडं थांबला, आणि अगदी सहज विचारलं, “मिस्टर कशाने गेले तुमचे?” ताईचं तोंड उतरलं. त्याने खटका दाबला आणि म्हणाला, “सुंदर.”

डबा माझ्या हातात होता. तो त्याच्या टाळक्यात घालावा असं मला फार वाटलं. पण आत ताईने पहाटे उठून केलेली कालवणाची वाटी होती, ती फुकट गेली असती.

फोटोवर लेख लिहायचं काम आमच्या कलासमीक्षकांकडे आलं. त्यांनी फोटो बघितला नव्हता. छायाचित्रकाराने इराण्याकडे बसून तो त्यांना तोंडी सांगितला आणि त्यावर त्यांनी तीन पानं लिहिली. प्रत्यक्ष चित्र बघितलं की विचारांना मर्यादा पडतात, असं ते म्हणत. लेखात होतं: ‘हे कोरे कपाळ पाहा. गोळीने पुसलेले हे कुंकू म्हणजे मुंबईविना महाराष्ट्राचा नकाशा होय.’ प्रूफ हातात आलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, “अहो, तिचा नवरा विषमज्वराने गेला.”

“विषमज्वर हा तपशील झाला,” समीक्षक म्हणाले. “गोळी हे सत्य आहे.”

मी संपादकांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, आशयाकडे आम्ही बघतो. तुम्ही वेलांट्या बघा.” मी वेलांट्या बघितल्या. लेखात त्या भरपूर चुकल्या होत्या.

इथे आमच्या मासिकातला एक कायदा सांगायला हवा. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही एका लेखिकेचा फोटो छापला होता. मासिकाचा कागद साधा, फोटोचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, जाळीदार, त्यामुळे बारीकसारीक गोष्टी छपाईत विरून जात. तसं त्या बाईंचं कुंकू विरून गेलं. अंक निघाला आणि तिसऱ्या दिवशी बाईंचे यजमान स्वतः ऑफिसात हजर झाले. चांगले सहा फुटी, मिशीवाले गृहस्थ. ते संपादकांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मी जिवंत आहे.” संपादकांनी त्यांना बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. त्यानंतर संपादकांनी हुकूम काढला: यापुढे आपल्या मासिकात कुंकवाशिवाय बाई छापायची नाही. फोटो ब्लॉक करायला जाण्याआधी ज्या माणसाकडे डागडुजीला जात, त्या रिटचिंगवाल्याला तशी ताकीद दिली. त्याने ती इतकी मनावर घेतली की पुढच्याच अंकात एका पारशी नर्तिकेच्या कपाळी कुंकू आलं, आणि त्यानंतर एका फ्रेंच शिल्पातल्या बाईलाही. त्या शिल्पातल्या बाईच्या अंगावर दुसरं काही नव्हतं.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच. ताईचा फोटो रिटचिंगवाल्याकडे गेला. त्याने ब्रश घेतला आणि हुकमाप्रमाणे तिला कुंकू लावलं. छपाईत विरू नये म्हणून चांगलं ठसठशीत लावलं. दिवाळी अंकात मात्र फोटोंची पानं गुळगुळीत कागदावर दुसऱ्या छापखान्यात छापून यायची आणि आमच्या मजकुरात थेट बांधणीच्या वेळी घुसायची, म्हणून लेख आणि फोटो एकमेकांच्या शेजारी पहिल्यांदा बसले ते अंक बाजारात गेला तेव्हा. उजव्या पानावर ‘हे कोरे कपाळ पाहा.’ डाव्या पानावर माझी ताई, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू.

मी अंक घरी नेला. ताईने तो रॉकेलच्या दिव्यापाशी नेऊन कितीतरी वेळ बघितला. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, “बरी दिसते ना गं मी?” मी हो म्हटलं. खरंच बरी दिसत होती. मग तिने अंक मिटला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “गावाला नाही ना जाणार हा? मामंजींनी बघितलं तर पोरीचं काही खरं नाही.” मी म्हटलं, आपल्या गावात कोण वाङ्मयीन मासिक घेतंय. तिला ते पटलं. मलाही पटलं होतं.

ऑफिसात मात्र पहिले दोन दिवस सुतक होतं. समीक्षक म्हणाले, वाचक मला आंधळा समजतील. छायाचित्रकार रिटचिंगवाल्याला कोर्टात खेचणार होता. पण मधल्या काळात सरकारनेच घोळ घालून ठेवला होता. लेख लिहिला गेला तेव्हा मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं चाललं होतं. अंक निघेपर्यंत गुजरात, महाराष्ट्र आणि मुंबई यांची एकच मोट बांधून द्विभाषिक राज्य आमच्या गळ्यात मारलं होतं. अशात पुण्याच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की शब्दांत कोरे कपाळ आणि चित्रात वरून रंगवलेले खोटे कुंकू, द्विभाषिकाचे इतके भेदक दर्शन मराठीत झालेले नाही. मागोमाग तशीच आणखी पत्रं आली. समीक्षक एक दिवस गोंधळलेले दिसले. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “कुणाच्या तरी लक्षात येईल याची खात्री होती मला.” छायाचित्रकार रिटचिंगवाल्याकडे गेला आणि त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला. त्या बिचाऱ्याला आपण काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळी सरली. ताई रोज इस्पितळातून आली की विचारायची, बोटीने कुणी आलं का गं. एके दिवशी गावचा एक माणूस भाऊच्या धक्क्यावरून थेट आमच्या खोलीवर आला. गावच्या शाळामास्तरांना त्यांच्या मुंबईच्या मेव्हण्याने दिवाळी अंक पाठवला होता. आख्ख्या गावाने फोटो बघितला होता. सून मुंबईत कुंकू लावून फिरते, बहुतेक दुसरा घरोबा केला, असं घरोघर झालं होतं. म्हाताऱ्याचा निरोप होता: चेडवाक धाडूचां नाय, नात येणार नाही. ताईने निरोप ऐकला, आलेल्या माणसाला चहा दिला, आणि मग मोरीत जाऊन बसली. 

मी दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन जिन्यात उभी राहिले. संपादक आले तसं त्यांना सांगितलं, पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापा, ते कुंकू चुकून पडलं म्हणून. सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, आणि दुपारी समीक्षक आणि छायाचित्रकार आल्यावर बैठक भरली.

“शुद्धिपत्र छापलं तर अर्थ जातो,” समीक्षक म्हणाले.

“नाही छापलं तर पोर जाते,” मी म्हटलं.

“हे भावनिक झालं,” छायाचित्रकार म्हणाला. ज्याने माझ्या बहिणीला नवरा कशाने गेला ते विचारून खटका दाबला होता, त्याला भावनेचं वावडं होतं. संपादक म्हणाले की प्रश्न नाजूक आहे आणि आपण सवडीने विचार करू. आमच्याकडे सवडीने विचार केलेली हस्तलिखितं माळ्यावर पडून असत. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी एकही वेलांटी बघितली नाही.

आम्ही सवडीने विचार करत असतानाच सासरे मुंबईला आले. बोटीतून उतरून तडक ताईच्या इस्पितळावर गेले आणि तिथून तिला घेऊन गिरगावात. मी मान वर केली तर दारात ताई, अंगावर आयाची पांढरी साडी, आणि तिच्या पुढे म्हातारा, काखेत मास्तरांचा दिवाळी अंक. तिघेही विद्वान हजर होते.

म्हाताऱ्याने टोपी काढली, अंक टेबलावर उघडून ठेवला आणि फोटोवर बोट ठेवलं. “मी अडाणी माणूस. माका येवढांच सांगा. माज्या सुनेच्या कपाळार ह्यां कुकू खंयसून इलां?”

समीक्षक पुढे सरसावले. त्यांनी आजोबा म्हणून सुरुवात केली. नकाशा सांगितला, द्विभाषिक सांगितलं, प्राध्यापकांचं पत्र आणवून वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने टोपी छातीशी धरून सगळं अदबीने ऐकलं. कीर्तनालाही तो इतका शांत बसला नसेल.

समीक्षकांचं संपल्यावर त्याने विचारलं, “म्हंजे हिचां लगीन नाय ना झालां?”

“कुणाचं?” समीक्षक म्हणाले.

संपादकांना त्या क्षणी बहुधा गेल्या वर्षीचे मिशीवाले यजमान आठवले. घरातलं माणूस असं समोर येऊन उभं राहिलं की त्यांची अभिरुची जरा लवकर आटोपते. त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला आणि उभ्या उभ्या मजकूर दिला. तो मला अजून पाठ आहे: ‘दिवाळी अंकातील छायाचित्रात स्त्रीच्या कपाळी कुंकू दिसते. तो मुद्रणदोष होय. वाचकांनी ते नाही असे समजावे.’ दिलेल्या मजकुरावर त्यांनी पुन्हा नजर टाकली आणि ‘समजावे’च्या आधी ‘कृपया’ घातलं. समीक्षक खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना धक्का बसला होता हे उघड होतं.

मी ते म्हाताऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने मान हलवली, पण अंक काही उचलला नाही. “ह्यां बरां झालां. पण गावात लिवलेलां वाचता कोण? चित्र सगळ्या गावान बघल्यान. ह्यो मास्तरांचो अंक, माका परत देवचो आसा.” त्याने पुन्हा फोटोवर बोट ठेवलं. “ह्यां पुसून देवा.”

पेन्सिली तासायचं ब्लेड माझ्या टेबलावर होतं. संपादकांनी ते उचलून माझ्यापुढे धरलं. “बाई, हलक्या हाताने खरवडा. गुळगुळीत कागद आहे, निघेल.” मी हात मागे घेतले. ते म्हणाले, “अहो, तांत्रिक बाब आहे.” मी म्हटलं, मी करणार नाही, तुम्हीच करा. ते समीक्षकांकडे बघायला लागले. म्हातारा वाट बघत उभा होता. त्याचं वय झालं होतं आणि रात्रभर बोटीत बसून तो आला होता, तरी मला त्याची दया आली नाही. त्या खोलीतल्या एकाही पुरुषाची आली नाही.

ताई पुढे आली आणि तिने संपादकांच्या हातातून ब्लेड घेतलं. अंक आपल्याकडे फिरवला, टेबलावर वाकली आणि आपल्या फोटोच्या कपाळावरून खरवडायला लागली. कागदाचा बारीक आवाज येत होता. खरवडता खरवडता, कुणाकडे न बघता ती म्हणाली, “हे गेले तेव्हा कुंकू पुसताना चाळीतल्या बायकांनी हात धरले होते माझे. आज माझं मी पुसते.”

“एक मिनिट,” छायाचित्रकार म्हणाला. तो कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीचं बटण उघडत होता. “तशाच राहा. मान थोडी डावीकडे. उजेड फार छान पडलाय.”

ताई थांबली नाही. कुंकू कधीच निघालं होतं, कपाळही निघालं, तरी तिचा हात चालूच होता. कागदाला भोक पडलं. म्हातारा चटकन पुढे झाला आणि त्याने तिचं मनगट धरलं. “पुरे गो बाय,” तो म्हणाला. “पुरे.”

ताईने ब्लेड टेबलावर ठेवलं, अंक मिटून सासऱ्याच्या हातात दिला आणि पदराने हात पुसले.

“झालां?” ती म्हणाली. “आता माज्या चेडवाक धाडा.”